पोरानं लय हिंडवलं

मुंबईच्या विमानतळावरून सांगलीकडे येणाऱ्या शेअर गाडीत ते माझ्या शेजारी बसले होते. उंब्रजचे, लष्करातून निवृत्त झालेले. गळ्यात नवाकोरा मफलर आणि पाठ अशी ताठ, की जणू गाडीचीच तपासणी चाललीय. मुलगा जर्मनीत. दरवर्षी नवरा-बायको त्याला भेटायला जातात आणि तो कर्तव्यदक्ष मुलगा त्यांना विमानतळावरूनच सहलीच्या बसमध्ये बसवून देतो.

"गेल्या वर्साला पॅरिस, औंदा रोम," ते म्हणाले. "हिनं पोरासाठी धपाटी नेल्याली. विटायला लागली, मग रोमात कारंज्यापाशी बसून आमीच खाल्ली."

"आणि मुलाकडे किती राहिलात?"

"शेवटचं दोन दिस. त्यातबी त्याची मीटिंग." मफलरची घडी त्यांनी पुन्हा सारखी केली. "पोरानं लय हिंडवलं बगा. त्याचं घर तेवढं नीट बघायचं ऱ्हायलं."

मी कौतुकानं मान हलवली. परदेशातल्या मुलांना ती छान हलवता येते.

"तुमीबी तिकडंच आसता न्हवं? आई-वडील येत्यात?"

"येतात की, दरवर्षी ॲमस्टरडॅमला. पुढच्या महिन्यात आले की आधी आठवडाभर प्राग आणि व्हिएन्ना. बुकिंग झालंय."

"लय ब्येस केलंसा."

उंब्रजला गाडी थांबली. मागच्या सीटवर झोपलेल्या बायकोला उठवून ते उतरले आणि खिडकीतून माझा हात थोपटत म्हणाले, "मंजी तुमालाबी जरा निवांतपणा मिळत आसंल."

मी त्यांना हात केला. आजवर कुणाला सांगितलं नाही, पण मिळतो.