धुऊन आणलेले पाय

पवित्र गुरुवारी आमचे फादर बाराजणांचे पाय धुतात, प्रभूने शिष्यांचे धुतले होते तसे. यंदा बारांत माझी वर्णी लागली, तेव्हा बायकोने वजरी हातात देऊन मला तासभर न्हाणीघरात बसवलं. देवळात बघतो तर बाकावर माझी धरून अकरा जोड्या लखलखीत! एका महाभागाने तर पावडरही फासली होती. अहो, धुवायचे पाय कोणी धुऊन आणतं का? मला भयंकर संताप आला, स्वतःचासुद्धा. ही कसली नम्रता, हे तर पायांचं प्रदर्शन!

बारावे सायमनकाका कबर खणून थेट आले होते. पाय घोट्यापर्यंत तांबड्या मातीने भरलेले.

"फादर, मला वगळा. लई घाण हायेत."

मागून देवळाचे सेक्रेटरी कुजबुजले, "उठा काका, लोक बघताहेत."

"बसा हो काका!" मी ओरडलोच. "उठायचंच तर आम्ही उठतो!"

फादर गुडघे टेकून तसेच थांबले होते. काकांनी डोळे मिटून पाय पुढे केला. चिखलाचा पाय दुसऱ्याच्या हाती द्यायला केवढा विश्वास लागतो! परातीतलं पाणी तांबडं झालं. त्या संध्याकाळी पाय एकाचेच धुतले गेले. आम्हा अकराजणांचे नुसते ओले झाले.