गयाबाईंच्या हनुवटीवरचे तीन ठिपके

“ही मी नाय. ही दुसरीच कोण बाई हाय.”

काउंटरवरून आवाज आला. मी काचेच्या पार्टिशनमागे कॉम्प्युटरवर होते. क्रांती चौकाजवळच्या आमच्या स्टुडिओत फोटो काढतात सलीमभाई आणि त्यातले चेहरे साफ करते मी. याला रिटचिंग म्हणतात. गिऱ्हाइकांशी बोलावं लागत नाही, म्हणून मला ही नोकरी आवडते.

करमाडच्या गयाबाई स्वतःच्या फ्रेमसमोर उभ्या होत्या. शेजारी त्यांचा मुलगा भगवान. उद्या त्यांच्या नव्या घराची वास्तुशांती. बैठकीत आईचा मोठा फोटो लावायचा होता.

“आये, किती भारी आलाय. साठीची बाई चाळिशीची दिसायली.”

“मग चाळिशीच्या बाईच्या घरी लाव. माझ्या भिंतीवर नको.”

सलीमभाई हसले. “अम्मा, सब लोगां ऐसाच मंगते. एकदम चिकना.”

“आन् माझं गोंदण कुठंय?”

माझे कान तापले. गोंदण मीच पुसलं होतं. हनुवटीवरचे तीन हिरवट ठिपके मला दिसले होते, ते गोंदण आहे हेही कळलं होतं. पण भाई म्हणाले होते, “एकदम साफ होना, बेटा.” ठेवायचं का, हे विचारायला कुणाला तरी फोन करावा लागला असता. मी केला नाही. हीलिंग ब्रश घेतला. हा ब्रश डागावर शेजारची त्वचा आणून बसवतो. तीन क्लिक, तीन ठिपके गायब. वरून स्मूदिंग मारलं. त्यानं सुरकुत्या जातात, पण त्वचेची बारीक छिद्रंही जातात आणि गाल प्लॅस्टिकच्या बादलीसारखा दिसायला लागतो.

“गोंदताना मायनं बाजारात मांडीवर दाबून धरलं होतं,” गयाबाई सांगत होत्या. “लई रडले होते मी. ते फुकट गेलं व्हय?”

“राहू दे ना आये. कोण बघतंय?”

“मी बघते.”

मी उठून काउंटरपाशी गेले. मनात सॉरीचं मोठं वाक्य जुळवलं होतं, तेही आधी इंग्रजीत. तोंडातून निघालं एवढंच, “मावशी, आत या.”

त्या माझ्या शेजारी स्टुलावर बसल्या. मी मूळ फोटोला कधीच हात लावत नाही. त्यावर लेयर टाकते, म्हणजे फोटोवर काच ठेवून काचेवरच रंगवावं तसं. भित्र्या माणसांना अशा सवयी असतात. वरचा लेयर बंद केला. ठिपके परत आले.

“हां! ही मी.” मग त्या स्क्रीनजवळ सरकल्या. “हा नाकावरचा ओरखडा काढ. शेळ्यांमागं गेले तव्हा बाभळीचा काटा लागला. आठ दिसांत जाणारच हाय. आन् हे गालावरचं डासाचं. ते माझं नाय.”

ओरखडा काढला, डासाचं काढलं. डोळ्यांखालच्या सुरकुत्यांवर मी थांबले.

“ह्या राहू दे. दमल्यावानी दिसायली तेवढं बघ.”

मी डोळ्यांखालची सावली निम्म्यानं हलकी केली, रेघा तशाच ठेवल्या. दोन ऑनलाइन कोर्स करून जे नीट कळलं नव्हतं, ते या बाईनं पाच मिनिटांत शिकवलं. आठ दिवसांत जाणार असेल ते बिनधास्त काढायचं. मुक्कामाला आलेलं काढण्याआधी मालकाला विचारायचं.

तेवढ्यात भगवान आत डोकावला. “मॅडम, गोंदण ठेवा, ठीक हाय. पण रंग जरा उजळ करा की. पाव्हणे येणारेत.”

त्याच्यामागून भाईंनी मला मान हलवून खुणावलं, कर दे. गयाबाईंनी पदरानं गाल पुसला, तिथं काही लागलेलं नसताना.

तीन महिन्यांत मी या दुकानात कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

“नाही, दादा,” मी म्हणाले. “रंगाला काही झालेलं नाही. प्रिंटला टाकते.”