चढावरची न्हाणी

गुंडोअण्णांनी चिकपेटेतल्या दुकानात आयुष्यभर नळ विकले, पण स्वतःच्या हातानं एकही कधी बसवला नाही. अशा माणसानं चौऱ्याण्णव साली दुकान मुलाच्या हवाली केलं, एक जुना मालट्रक विकत घेतला आणि त्यात न्हाणी बांधायला काढली. हसू नका. याला कारण होत्या गोदूअक्का.

गोदूअक्का म्हणजे अण्णांची बायको. आंघोळ झाल्याशिवाय स्टोव्हला हात नाही, चहाचा घोट नाही, आणि परक्या न्हाणीतली आंघोळ ही आंघोळच नव्हे, असा त्यांचा नेम. त्यामुळे लग्न होऊन बेंगळुरात आल्यापासून त्यांनी गावाबाहेर एक रात्र काढली नव्हती. समुद्र पाहायची मात्र भारी हौस! अण्णांनी नव्या नवलाईत गोकर्णला न्यायचं कबूल केलं होतं. नातवाची मुंज झाली तरी ते कबूल करणं चालूच होतं. मग एक दिवस अण्णांच्या डोक्यात आलं की अक्का न्हाणी सोडत नाहीत, तर न्हाणीच बरोबर न्यावी. झालं, त्यांच्या अंगात वारं शिरलं.

"येते," अक्का म्हणाल्या. "पण तुमच्या न्हाणीतला एक थेंब जरी माझ्या स्टोव्हपाशी आला, तर तिथूनच माघारी. सरी?"

"सरी! कबूल!" अण्णा म्हणाले.

ट्रक घरासमोरच्या चढावर तोंड वर करून उभा राहिला. पुढं स्वयंपाकाची जागा, मागं जस्ताच्या पत्र्याची न्हाणी. पत्र्याच्या सांध्यांना झाळ, झाळीवर डांबर, डांबरावर पुट्टी. टपावर पिंप आणि पिंपाखाली शॉवर. स्वयंपाकाकडे उघडणाऱ्या दाराला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या अशा घट्ट बसवल्या, की आत माशी अडकली तर तिनं देवाचं नाव घ्यावं.

"अण्णा, न्हाणी बांधताय का पाणबुडी?" शेजारच्या प्राणेशनं विचारलं. हा जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला. ट्रक तोच चालवणार होता.

अण्णांनी बादलीभर पाणी ओतून पाहिलं. ते मागच्या कोपऱ्यातल्या भोकाकडे असं सुसाट पळालं की अण्णांनाच ते बरं दिसेना. "स्वल्प सावकाश जाऊ दे," म्हणत त्यांनी न्हाणीची मागची बाजू दोन बोटं उचलून घेतली. आता पाणी शहाण्यासारखं चालू लागलं. बाहेर टिपूसही नाही! अण्णांनी गल्लीभर पेढे वाटले.

पहिला मुक्काम शिवमोग्ग्याच्या अलीकडे, एका देवळामागच्या सपाट मैदानावर पडला. पहाटे अक्का न्हाणीत शिरल्या. शॉवर सुरू झाला, आतून स्तोत्र ऐकू येऊ लागलं. अण्णा दाराबाहेर निकालाची वाट पाहणाऱ्या पोरासारखे उभे. बाहेर टिपूस नाही. अण्णांची छाती फुगली. स्तोत्र संपलं आणि अक्कांनी दार उघडलं.

ट्यूबच्या पट्ट्यांनी सगळं पाणी इमानानं दाराशी धरून ठेवलं होतं. ते एकदम सुटलं. स्टोव्ह बुडाला, तांदळाचा डबा तरंगत ट्रकच्या टोकापर्यंत गेला, आणि अण्णांची वहाण त्याच्या मागोमाग.

तेव्हा कुठं अण्णांच्या डोक्यात प्रकाश पडला. उतार त्यांनी धरला होता तो चढावर उभ्या असलेल्या ट्रकात. सपाटीवर तोच उतार उलटा, थेट दाराकडे. नळ विकणाऱ्यानं न्हाणी बांधली की असं होतं! अण्णा मटकन खाली बसले. त्यांना खरंच रडू येत होतं.

"प्राणेश, गाडी वळव," ते म्हणाले. "शब्द दिलाय मी."

"वळवताय कशाला?" अक्कांच्या केसांतून पाणी ठिबकत होतं. "चढावर बाहेर येत नाही ना पाणी?"

"नाही."

"मग चढावर उभी करा की! पुढं अख्खा घाट पडलाय."

"अगं, पण एक थेंब आला तर माघारी, असं तूच..."

"थेंब म्हणाले होते मी. हा काय थेंब आहे? तळं आहे तळं!" आणि अक्का तोंडाला पदर लावून अशा हसल्या, की प्राणेशनं सुटकेचा निःश्वास टाकून हॉर्नच वाजवला.

पुढं जिथं मुक्काम, तिथं आधी चढ. "अहो, चढ आला, चढ!" असं अक्काच ओरडायच्या.

गोकर्णला मात्र वाळू सपाट. अण्णांनी फावडं घेतलं आणि ट्रकचं मागचं अंग खाली जावं म्हणून मागच्या चाकांखाली खणायला लागले. घामाघूम होऊन मान वर केली, तर अक्का नऊवारीसकट कमरेइतक्या समुद्रात! एक लाट त्यांच्या डोक्यावरून गेली.

"झाली माझी आंघोळ!" त्या ओरडल्या. "चहा टाकते आता!"

"परक्या पाण्यात?"

"सगळ्या नद्या येऊन मिळतात याला. हे परकं कसं?"

अण्णा फावड्यावर रेलले. "मग माझी न्हाणी फुकटच गेली म्हणायची."

अक्का वाळूत निथळत उभ्या राहिल्या. "न्हाणी नसती तर मी घराबाहेर पाऊल तरी टाकलं असतं का?" मग हात चाटून तोंड वाकडं करत म्हणाल्या, "आणि अंगावरचं हे मीठ कुठं धुवू? खणा, खणा!"

अण्णा खणू लागले, आणि इतके हसू लागले की शेवटी प्राणेशला त्यांच्या हातून फावडं काढून घ्यावं लागलं.