चाळीस किलोमीटरच्या आत

आमच्या यांना साक्रीत दीपचंदशेठ म्हणतात, पण आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायका 'चार बोटंवाले' म्हणतात. आमचं कापडाचं दुकान आहे. मीटरपट्टीने मोजून झालं की कात्री लावण्याआधी हे आणखी चार बोटं कापड पुढे सरकवतात आणि मग कापतात. तीस वर्षं झाली. सासरे होते तेव्हा यावरून पुष्कळ ऐकवायचे, पण यांचा हात काही बदलला नाही. धुतल्यावर कापड आटतं, बाईचं पोलकं तोकडं व्हायला नको, एवढंच यांचं म्हणणं.

धर्माचं म्हणाल तर मी आमच्या जैन स्थानकात रोज आणि हे वर्षातून एकदा, संवत्सरीला. सामायिकाला, म्हणजे एका जागी ध्यानाला, बसवलं तर अठ्ठेचाळीस मिनिटांत बारा वेळा घड्याळ बघतात. दिवसभराच्या चुका आठवून क्षमा मागायचं संध्याकाळचं प्रतिक्रमण झालं की मी वहीत दिवसभराच्या चार ओळी लिहिते, आणि त्यांत यांच्याविषयी बहुतेक तक्रारच असते. मागच्या चातुर्मासातली पानं मात्र निराळी आहेत. तीच इथे नीट मांडते.

मोटरसायकलवर फिरणं सुरू झालं ते पलकच्या लग्नानंतर. लेक धुळ्याला गेली, दुकानात आमचा मुलगा, तरुण, बसू लागला, आणि एका सोमवारी, म्हणजे दुकान बंद असतं त्या दिवशी, हे म्हणाले की डबा भर, लाटीपाडा धरणावर जाऊन येऊ. तोवर मी यांच्या मागे बसून स्थानक आणि दवाखाना यापलीकडे गेले नव्हते. धरणाच्या भिंतीवर बसून खाखरे खाल्ले आणि परत आलो. पुढच्या सोमवारी पवनचक्क्यांचा माळ, त्याच्या पुढच्या सोमवारी कोंडाईबारीचा घाट. समोरच्या बेबाबाईने विचारलंच, काकी, या वयात हनिमून का? मी म्हटलं, त्या वयात दुकान होतं.

नियम दोनच. पाणी घरचं, उकळून गार केलेलं. आणि सूर्य मावळायच्या आत घरी जेवण उरकायचं, कारण त्यानंतर आम्ही खात नाही. कुठेही असलो तरी हे डोळ्यांवर हात धरून एकदा सूर्य बघतात आणि आता वळायचं म्हणतात. आजवर एकदाही चुकलेले नाहीत.

मागच्या आषाढात चातुर्मासाला आलेल्या साध्वी महासतीजींनी व्याख्यानात सांगितलं की पावसाळ्यात जमिनीवर जीव फार असतात, म्हणून आम्ही चार महिने एकाच गावी राहतो. तुम्हीही निदान मर्यादा घालून घ्या, घरापासून अमुक अंतराच्या पुढे जायचं नाही. बायका एकेक करून उठल्या. कुणी दोनशे म्हणाली, कुणी पाचशे. मी उठून चाळीस म्हटलं तेव्हा बायकांनी माना वळवून पाहिलं. धुळंच आमच्यापासून पन्नासच्या वर आहे. पलक दोन दिवस फोनवर बोलली नाही, मग निमूट तीच येऊ लागली.

चाळीस मी उगीच म्हटलं नव्हतं. आमळीच्या डोंगरात एक धबधबा आहे. लग्नाआधी हे मित्रांबरोबर तिथे गेले होते आणि तेव्हापासून मला दाखवीन म्हणत होते. पांढरा तागा वरून सोडून द्यावा तसा उलगडत येतो, हे त्यांचं वर्णन मला पाठ होतं. किती लांब असं मागे विचारलं तेव्हा चाळीसेक म्हणाले होते. चाळीसेक म्हणजे चाळीस, असं मी धरून चालले. चार बोटं सोडणाऱ्या माणसाचं चाळीसेक आहे, हे डोक्यात यायला हवं होतं.

व्रत घेतल्यावर विचारलं तर पिंपळनेरवरून सेहेचाळीस निघाले. कार्तिकी पौर्णिमेला व्रत सुटणार आणि तोवर तो धबधबा सुताएवढा होणार. मला फार लागलं, कारण तीस वर्षं वाट पाहून कुलूप मीच घातलं होतं. हे रागावले नाहीत. मर्यादा दुकानापासून मोजायची की घराच्या उंबऱ्यापासून, एवढंच विचारलं. मी म्हटलं, उंबऱ्यापासून.

त्यानंतर खेड्यांवरच्या शिंप्यांना माल द्यायला तरुणऐवजी हेच जाऊ लागले. निघताना आमच्या उंबऱ्यापाशी गाडीचा ट्रिपचा आकडा शून्यावर आणायचा, आणि आल्यावर हात धुताना मला सांगायचं. पहिल्या रस्त्याने धबधबा चव्वेचाळीस. दुसऱ्याने बेचाळीस. तिसरा दहिवेलकडून आतल्या पाड्यांमधून जाणारा. त्या रस्त्याने गाडी जाते तिथपर्यंत एकोणचाळीस पूर्णांक तीन. पुढे पायवाट आहे, पण त्या पायवाटेने मी एकटा गेलो नाही, असं म्हणाले.

भाद्रपदात पर्युषण झाल्यावरच्या सोमवारी निघालो. दहिवेल सोडलं आणि दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, वर सागाचं रान. रस्ता एवढा वळणाचा की एकदा उजवा खांदा उन्हात, एकदा डावा. मी पाठ ताठ ठेवून बसले होते आणि मनातल्या मनात नवकार चालू होता, भीतीने नव्हे, बरं वाटत होतं म्हणून.

पायवाटेशी गाडी लावली. आकडा एकोणचाळीस पूर्णांक तीनच होता. यांनी डिकीतून सुतळीचं बंडल काढलं. दुकानात मीटरपट्टीने मोजून, बरोबर पन्नास मीटरवर गाठ मारून आणलेली. सातशे मीटर उरले, म्हणजे चौदा सुतळ्या. मी एक टोक धरून उभी राहायचं, हे गाठ घेऊन पुढे जायचे, दगड ठेवायचे, मग मी तिथवर जायचं. हे पाऊल गवतात न टाकता उघड्या खडकावर टाकत होते, तेही मी न सांगता. पाण्याचा आवाज नवव्या सुतळीला आला. चौदावी संपली ती एका जांभळाच्या झाडापाशी. तिथून धबधब्याचा वरचा अर्धा भाग दिसत होता. खालचा कड्याच्या आड. अजून पन्नास पावलं गेलं असतं तर सगळा दिसला असता.

मी त्या दगडापाशी उभी राहिले. खरं लिहायचं तर माझा पाय उचलला गेला होता.

"अहो, गिऱ्हाइकाला चार बोटं सोडता," मी म्हटलं, "मला सोडा की."

हे सुतळी गुंडाळत होते.

"कापड माझं असतं, म्हणून सोडतो. व्रत तुझं आहे. त्यातलं सोडणारा मी कोण?"

मी पाय मागे घेतला. मग यांना म्हटलं की तुम्हाला कुठे व्रत आहे, तुम्ही जाऊन या. तर हे जांभळाखाली बसले आणि डबा उघडू लागले.

शेळ्या घेऊन एक म्हातारे वरून येत होते. मागाहून कळलं, चुडामण आबा त्यांचं नाव. आम्हाला तिथे पापडाची भाजी खाताना पाहून त्यांना नवल वाटलं.

"आठे कसाले बठनात? पुढे जा, तठे बठ्ठं दिखस." तिथून सगळं दिसतं म्हणे.

"आबा, आमचा माल इथपर्यंतच," हे म्हणाले.

आबांनी सुतळीकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं. मग खालच्या अर्ध्याचं त्यांनीच सांगितलं, की काळा खडक आहे, त्याला पायऱ्या आहेत आणि तळाशी डोह. खाखरा दिला तर शेळीला अर्धा दिला आणि अर्धा खाल्ला. दोन तास बसलो. वरचं पाणी खरंच ताग्यासारखं उलगडत होतं. तीस वर्षांत यांनी वाढवून सांगितलं नव्हतं. मग यांनी डोळ्यांवर हात धरला आणि आम्ही वळलो. सूर्य बोटभर वर असताना मी घरी ताट वाढलं.

कार्तिकी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. चौदावा दगड तिथेच होता. तो ओलांडून कड्यापर्यंत गेले. पाणी म्हणजे एक ओला ओघळ उरला होता, पण खडकाच्या पायऱ्या होत्या, हिरवागार डोह होता, काठावर एक बगळा.

"वरचा तुकडा भाद्रपदातला, खालचा कार्तिकातला," हे म्हणाले. "जोड घालून घे."

मी डोळे मिटून जोड घातला. बसला.

यंदा चातुर्मासाला महासतीजी बदलल्या, पण मर्यादेचा विषय निघालाच. सूनबाई मुस्कान शेजारी बसली होती. तिने कानात सांगितलं की मम्मी, या वेळी एक्केचाळीस म्हणा. मी उठले आणि चाळीसच म्हटलं. सुतळी दुकानात मीटरपट्टीशेजारी खिळ्याला टांगलेली आहे, आणि चाळीसच्या आत अजून पुष्कळ रस्ते आहेत.

घरी आल्यावर यांना आकडा सांगितला. हे गाडी पुसत होते.

"उंबऱ्यापासूनच ना?" एवढंच विचारलं.