मिक्सरवरचे लाल ठिपके

सुधाकर गेल्याचं त्याच्या बायकोनं, वहिनींनी, फोनवर सांगितलं, तेव्हा मी परळीच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहत होतो. हृदयविकाराचा झटका... पाच मिनिटांत सगळं संपलं. महिना उलटला, तरी मी नेमका कशासाठी रडतोय हे मला उलगडत नाही.

पाटोद्यात आमची गायन पार्टी उभी राहिली तेव्हापासून, म्हणजे पंचवीसेक वर्षं, गाणं माझं आणि साउंड सुधाकरचा. स्पीकरच्या शेजारी उभं राहून त्यानं उमर काढली. अलीकडे काहीतरी बिनसलं. हाक मारली तर ओ देईना, आणि ताट पडलं की कान दाबून मटकन खाली बसायचा. बारीक सूर ऐकू येईनात म्हणून तो ट्रेबल वाढवत न्यायचा, मग बाकीच्या गायकांचा आवाज किरकिरायचा. माझा मात्र पहिल्यासारखाच गोड. मी काय समजायचं? ज्याला ऐकू येत नाही, त्याला आवाज टोचतो कसा? मला वाटलं, सोंग आहे, हवं तेवढं ऐकतो.

कडा गावच्या कार्यक्रमात ढोलकीवर थाप पडली आणि हा कान झाकून वळला. मी माइकवरून बोलून गेलो, "आमच्या साउंडवाल्याला ऐकू येत न्हाई, पर दुखतंय मातर लई." मैदान हसलं. ते त्याला बहुधा ऐकू आलं... सामान गाडीत भरताना तो एवढंच म्हणाला, "खरंच दुखतंय रं." मी गाडीत पुढं जाऊन बसलो. पुढचे चार महिने, तो जाईपर्यंत, आम्ही बोललो नाही. कोण कोणावर रुसलं होतं, तेही आज सांगता येत नाही.

मोठ्या आवाजानं खराब झालेल्या कानात दोन्ही होतं, बारीक आवाज हरवतात आणि मोठे टोचतात, असं बीडच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं म्हणे. हे मला त्याच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या दिवशी वहिनींकडून कळलं. त्यांनी त्याचा साउंडचा मिक्सर माझ्या पुढ्यात ठेवला. बटणांच्या एका रांगेवर चिकटपट्टी, तिच्यावर माझं नाव, आणि त्या रांगेतल्या प्रत्येक बटणाशेजारी नेलपॉलिशचा लाल ठिपका. बाकीचे गायक बदलत राहिले, त्यांच्या रांगा कोऱ्याच.

"कान चांगले व्हते तवाच खुणा करून ठिवल्या व्हत्या, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "तुमचा आवाज बिघडू नये म्हणून. नंतर निसते ठिपक्यावर बटन लावायचे."

मिक्सर आता माझ्या खोलीत आहे. सकाळी रियाजाला बसतो, माइक-स्पीकर जोडतो, बटणं ठिपक्यांवर आणतो आणि गातो. आवाज अजून तसाच गोड येतो. त्यानं माझं गाणं शेवटचं कधी ऐकलं, हे मात्र वहिनींनाही ठाऊक नाही.