पार्बताबाईला आत घेऊ नका

पार्बताबाईच्या शोकसभेत देवमन बोलायला उभा राहिला आणि म्हणाला, ती आमच्या सगळ्या गल्लीची आई होती. ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. देवमन आता अमरावतीला राहतो. मोठं घर आहे, दारात गाडी आहे. सभेसाठी खास अकोल्याला आला, हार घातला, डोळे पुसले आणि चहा पिऊन गेला. ही आई त्याच्याच गेटवरून तीनदा परत फिरली होती, हे सभेत कोणी बोललं नाही. मीही नाही. सभेत असं बोलत नसतात, म्हणून इथे लिहिते.

जुन्या शहरातल्या आमच्या गल्लीत पार्बताबाई नवऱ्यामागे एकटीच राहिली. मूलबाळ नव्हतं. तोंड फटकळ, पण पाय सगळ्यांच्या घरी. नळ आठ दिवस आला नाही की ती बायकांना घेऊन पालिकेत जाऊन बसायची आणि पाणी सुटेपर्यंत हलायची नाही. कोणी दवाखान्यात पडलं की हिचा डबा पोचलाच. पण तिचं खरं काम निराळं होतं. गल्लीत बाई वारली की तिला शेवटची आंघोळ पार्बताबाई घालायची. घरच्या लेकीसुना रडत तरी असायच्या, नाहीतर भिऊन कोपऱ्यात उभ्या. ही पदर खोचायची आणि पाणी कोमट करायला सांगायची. मी बादली घेऊन तिच्या हाताखाली असायचे. मेलेल्या माणसाला कोमट पाणी कशाला, असं मी पहिल्यांदा विचारलं, तर म्हणाली, "तिच्यासाठी नाई वो, मायी बोटं आखडतात."

कोणाचे शेवटचे दिवस आले की ही आधीपासूनच उशाशी जाऊन बसायची. पाणी पाजायची, पाय दाबायची. लोकांनी त्याचा उलटा अर्थ लावला. पार्बताबाई येऊन बसली म्हणजे माणूस जाणार, असं गल्लीत पक्कं झालं. आधी थट्टा होती. गल्लीतल्या पिंटूला डेंगू झाला तेव्हा ही डबा घेऊन दारात दिसली, तर तो सलाईनच्या हाताने उठून बसला आणि मी बरा आहे, मी बरा आहे म्हणायला लागला. आम्ही पोट धरून हसलो. तीही हसली. मग हळूहळू लोक तिला पाहून दार ओढून घेऊ लागले. हळदीकुंकवाला विधवा म्हणून बोलावत नव्हतेच, आता बाळंतिणीच्या घरीही नको झाली. मेल्यावर मात्र पहिला निरोप तिलाच.

लीलाबाई तिची जिवाभावाची मैत्रीण. देवमनची आई. चाळीस वर्षं भिंतीला भिंत लागून घर. भांडणंही तशीच, एकमेकींशी आठवडा आठवडा बोलायच्या नाहीत आणि भाजी मात्र भिंतीवरून द्यायच्या. देवमन म्हाताऱ्या मायबापांना अमरावतीला घेऊन गेला आणि वर्षभरात लीलाबाईने अंथरूण धरलं.

पार्बताबाईला एकच ध्यास लागला, लीलाला एकदा डोळ्यांनी पाहायचं. फोन केला की आई झोपली आहे असं उत्तर यायचं. मग ती एसटीने अमरावतीला गेली. देवमनची बायको रश्मी गेटपाशी आली आणि म्हणाली, डॉक्टरांनी कोणाला भेटू देऊ नका म्हटलंय. दुसऱ्यांदा गेली तेव्हा घरी पाहुणे होते. तिसऱ्यांदा देवमन स्वतः बाहेर आला. आडपडदा ठेवला नाही त्यानं.

"मावशी, तुमी आल्या म्हंजे काय होते, तुमाले माईत हाय," तो म्हणाला. "मायी माय जगू द्या अजून."

हे तिने मला परत आल्यावर सांगितलं. रडली नाही. मला देवमनचा असा राग आला की मी फोन लावायला निघाले, तर तिने हात धरून बसवलं.

नंतर महिन्याभरात एका सकाळी दारात गाडी आली. देवमनचीच. लीलाबाई गेली होती आणि कॉलनीत मढ्याला हात लावणारी एकही बाई नव्हती. पार्बताबाई मुकाट्याने गाडीत बसली. मी सोबत गेले. या वेळी गेट सताड उघडं होतं.

मागच्या बाजूला पडदा धरला. लीलाबाईला कुशीवर वळवलं तेव्हा पाठीवरच्या जखमा दिसल्या, हाडापर्यंत गेलेल्या. केस कानापासून कापून टाकले होते. पार्बताबाई पाणी ओतत राहिली. रश्मी तांब्या भरून देत होती. तिला वाटलं असेल, म्हातारीचं समाधान करावं.

"आई लय आठवण काढे तुमची," ती म्हणाली. "रोज इचारे, पार्बता काहून नाई आली. आमी सांगून देलं, तिले सवड नाई मनून."

पार्बताबाईचा हात थांबला. ती खाली वाकली आणि लीलाबाईच्या कानाला तोंड लावलं.

"लीला, मी आल्ती वो. तीन खेपा आल्ती. मले आत घेतलं नाई."

रश्मी म्हणाली, लवकर आटपा, लोक खोळंबलेत. अंग पुसून हिरवं लुगडं नेसवलं. मळवट भरायची वेळ आली तशी कोणीतरी सवाष्ण बोलवा म्हणालं, आणि पार्बताबाई ओल्या लुगड्याने बाजूला झाली. कुंकू रश्मीने भरलं. परतीला गाडी नव्हती, ती पाहुणे आणायला गेली होती. आम्ही एसटीने आलो.

त्यानंतर पार्बताबाईने आजाऱ्यांकडे जाणं सोडलं. गल्लीला सुटल्यासारखं झालं. आणि तिचे गुडघे गेल्यावर मयताच्या घरी तिच्या जागी मला बोलावू लागले.

या वर्षी दिवाळीनंतर ती पडून असल्याचं कळलं. मी मऊ खिचडीचा डबा घेऊन गेले. दार आतून लावलेलं. मी हाक मारली तशी भिंत धरत खिडकीपाशी आली. तोंड सुकून गेलेलं. मला वाटलं, कडी काढेल. तिने माझ्या हातांकडे पाहिलं.

"तू काहून आली?" ती म्हणाली. "तू आत येऊ नोको, बाई. मले अजून मराचं नाई."

म्हणजे तिचाही त्यावर विश्वास होता. गल्लीइतकाच, देवमनइतकाच. आणि तरी ती तीनदा एसटीत बसून लीलाबाईकडे गेली होती. जीव इतका ओढत होता तिचा. मला तिचा राग आला आणि रडूही आलं.

डबा खिडकीत ठेवून मी परत आले. त्याच आठवड्यात पाणी कोमट करून मी तिला आंघोळ घातली.