मिळाले, तारीख, सही

माझे मामा पाणीपुरवठा कार्यालयात एकतीस वर्षं आवक-जावक कारकून होते. आलेल्या प्रत्येक कागदावर 'मिळाले' असा गोल शिक्का मारायचा, त्यात तारीख नि क्रमांक टाकायचा, शेजारी स्वतःची सही ठोकायची आणि नोंदवहीत चढवायचं. काम एवढंच, पण ऐट अशी की जणू शहराच्या नळांना पाणी त्या शिक्क्यामुळेच येत होतं. शिक्का नसलेला कागद त्यांच्या लेखी आलेलाच नसायचा.

नाद मात्र जगावेगळा. नामांकित संशोधकांना आणि धाडसी प्रवाशांना पत्रं लिहून त्यांच्या सहीची उत्तरं जमवायची. इतर हौशी लोक स्तुती करून सही मागतात. मामा खुलासा मागायचे. 'विषय: आपल्या शोधाबाबत खुलासा मिळणेबाबत.' ते त्या लोकांच्या भाषेत उतरवायचं लचांड माझ्या गळ्यात. बर्फाचा मुलूख एकट्याने तुडवून आलेल्या एका गृहस्थाला त्यांनी विचारलं, ओले मोजे कुठे वाळत घालत होतात? उत्तर नाही आलं की पंधरा दिवसांनी स्मरणपत्र एक, मग दोन, मग तीन. तिसऱ्याला भलेभले शरण यायचे. मोजेवाल्याने दोन पानं लिहिली, त्यातलं दीड पान नुसता संताप होता. मामा खूश.

पत्ता कार्यालयाचाच दिलेला असल्यामुळे उत्तरं मामांच्याच टेबलावर यायची. सहीच्या आसपास कागद कोरा असतो, म्हणून शिक्का तिथेच बसायचा. अशी एकशे सेहेचाळीस पत्रं. निवृत्त झाल्यावर भंगारात निघालेला तो जुना शिक्काही ते मागून घेऊन घरी आले.

शहरातल्या संग्रहालयात नवं दालन व्हायचं होतं. आपला संग्रह तिथे लागावा, ही मामांची एकच इच्छा. "इतक्या वर्षांत माझं नाव रजेच्या यादीशिवाय कुठल्या भिंतीवर लागलं नाही," असं ते मला सरळ म्हणाले. मला वाईट वाटलं. मीच संग्रहालयाच्या बाईंना घरी बोलावलं.

बाईंनी चार फायली चाळल्या. मग चष्मा काढून ठेवला.

"हे शिक्के कोणी मारले?"

"मीच," मामा म्हणाले. "सगळे तारखेसकट आहेत."

"सह्या वाचता येत नाहीत हो. शिक्क्याशिवायचं एखादं असेल का?"

"एकही सुटलेलं नाही," मामा अभिमानाने म्हणाले. मी कपाळाला हात लावला.

एखादं बिनशिक्क्याचं पत्र मिळालं तर कळवा, असं सांगून बाई गेल्या. मामा दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. मामी म्हणाली, घर कसं शांत आहे.

निवृत्तीनंतर मामा पत्रांवर माझा पत्ता देत; तिसऱ्या आठवड्यात त्यावर एक पाकीट आलं. समुद्राच्या तळाशी जाऊन आलेल्या बाईंचं. खाली किती वेळ झोप लागली, असा खुलासा मामांनी मागितला होता. उत्तर होतं: 'प्रिय महोदय, चाळीस मिनिटं. हे आजवर मला कोणी विचारलं नव्हतं.' खाली मोठी, स्वच्छ, देखणी सही.

मी संग्रहालयाच्या बाईंना फोन केला. सोमवारी अकरा वाजता येते म्हणाल्या. मामांना बजावलं, "वाचायचं, पण हात लावायचा नाही." त्यांनी हात मागे बांधून चार वेळा वाचलं.

सोमवारी मी दहालाच मामांकडे पहाऱ्याला जाऊन बसले.

"भिंतीवर पत्राखाली काय लिहिणार आहेत?" मामांनी विचारलं.

"पत्र लिहिणाऱ्या बाईंचं नाव. आणि 'खासगी संग्रहातून'."

"माझं नाव?"

"ती त्यांची पद्धत आहे, मामा."

"पत्रात तरी आहे का?"

मी पुन्हा पाहिलं. प्रिय महोदय. महोदय काय, कोणीही असू शकतो.

"मग हे मला आलं हे कोणाला कळणार?" मामांनी विचारलं. तक्रारीचा सूर नव्हता. शिपायाला चुकीचं टपाल परत करताना विचारावं तसं विचारलं.

कपाटातून शिक्का मीच काढला. शाईची गादी सुकली होती, तिच्यावर पाण्याचे दोन थेंब सोडले.

"निदान कोपऱ्यात मारा," मी म्हटलं.

"आवकचा शिक्का सहीजवळ असतो," मामा म्हणाले, आणि मारला. क्रमांक एकशे सत्तेचाळीस. विषय: झोपेबाबत.

संग्रहालयाच्या बाई अकराला आल्या, पत्र पाहिलं, चहा घेतला आणि गेल्या. पत्र आता मामीच्या स्वयंपाकघरात फ्रिजवरच्या भिंतीला आहे. समुद्राच्या तळाशी कोण गेलं होतं ते काही त्यावर वाचता येत नाही. मामांची सही मात्र दारातूनही दिसते.